गोरेगावच्या तांड्यावर, मिगच्या क्षेपणास्त्राची माफी मागायला

या ब्लॉगवर तुम्ही येता ते रशियन विमानांसाठी. सुखोई-५७च्या पोटातल्या कप्प्यात कोणती क्षेपणास्त्रं मावतात, मिगचे नवे प्रकल्प कागदावरच का राहतात, असल्या विषयांवर मी इथे पानंच्या पानं लिहितो. एकही लढाऊ विमान मी कुंपणाच्या आत जाऊन पाहिलेलं नाही, हे मात्र आजवर लिहिलं नव्हतं. आजचा लेख हिंगोली जिल्ह्याचा आहे. तिथे मी फिरायला नव्हे, माफी मागायला गेलो होतो.

आधी माझा प्रताप सांगतो. दिवाळीत मी मिग-२१च्या जुन्या के-१३ क्षेपणास्त्रावर लिहिलं. खाली मोतीराम आडे या गृहस्थांची प्रतिक्रिया आली: 'आमी चौघं हातानं उचलून पंखाखाली लावत होतो.' मला चेव आला. 'काका, ते क्षेपणास्त्र आहे, हळदीचं पोतं नाही. त्याला ट्रॉली लागते,' असं उत्तर ठोकलं. तेवढ्यावर न थांबता 'खोटे फौजी कसे ओळखावेत' असा वेगळा लेख लिहून त्यात त्यांचं नाव घातलं. तो लेख तुफान चालला. आठवड्याभरात एका वाचकाने जुन्या रशियन माहितीपुस्तकातलं चित्र पाठवलं. चौघे जण, त्यांच्या हातात के-१३, वर मिगचा पंख. आणि वजन पंच्याहत्तर किलोच्या आसपास, हे तर माझ्याच लेखातल्या तक्त्यात होतं! चौघांत वाटून किती होतं, एवढा साधा भागाकार मला सुचला नव्हता. चित्र पाहून मी गप्प बसलो. लेख अजून चालत होता ना.

जानेवारीअखेर काकांच्या सुनेची, सुनीताची, मेल आली. शाळेने काकांना सव्वीस जानेवारीला झेंड्यासाठी बोलावलं होतं. कुणीतरी माझा लेख गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकला आणि शाळेने आदल्या दिवशी पाहुणा बदलला. 'सासऱ्यांनी कोट काढून ठेवला होता,' एवढंच तिने शेवटी लिहिलं होतं. मी पत्ता मागितला.

संभाजीनगरहून सकाळची पहिली एसटी धरली. जालना, जिंतूर, औंढा करत हिंगोलीला पोचायला सहा तास लागले. जिंतूरपर्यंत रस्ता बरा, पुढे अधूनमधून हाडं खिळखिळी करतो. सवड असेल त्यांनी औंढ्याला उतरून नागनाथाचं देऊळ जरूर बघावं, सिद्धेश्वर धरणही तिथून जवळ आहे. मी उतरलो नाही. देवासमोर उभं राहण्याचं तोंड नव्हतं. हिंगोलीच्या बसस्थानकाबाहेर पोहे-चहा घेतला आणि गोरेगावची जीप पकडली. जीप भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा तासभर हाताशी ठेवा. रस्त्याकडेला उकडलेली हळद वाळत पडली होती आणि तिचा ओलसर, मातीचा वास जीपभर होता.

शेजारच्या फेटेवाल्या आजोबांनी विचारलं, "तांड्यावर काहून चालले?"

"मोतीराम आडेंकडे. ते हवाई दलात होते ना?"

"ते? अहो, ते खोटं फौजी निघालं. मोबाईलवर आलं व्हतं सगळं, बराबर पुराव्यानिशी."

पुढे बसलेला ड्रायव्हर हसला. त्यातला पुरावा म्हणजे मी होतो. तोंड उघडायला याहून चांगली जागा मिळाली नसती, पण मी खिडकीबाहेर हरभऱ्याची शेतं बघत बसलो.

तांडा गोरेगावपासून चालत अर्ध्या तासावर आहे. सुनीता घराबाहेर तुरीची डाळ पाखडत होती. ती आत जाऊन सासऱ्यांशी गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, काहीतरी बोलली आणि मोतीरामकाका बाहेर आले. सत्तरीचे, सडपातळ, दाढी घोटलेली. मी कोण ते सांगितलं.

"एवढ्या लांबून येऊन राहिले, तर आधी जेवा," काका म्हणाले.

ज्वारीची भाकरी, वरण आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. शिव्या दिल्या असत्या तर घास सोपा गेला असता.

जेवण झाल्यावर मी माफी मागितली. रशियन पुस्तकातल्या चित्राचंही सांगितलं. ते चित्र कधी मिळालं, हे मात्र सांगितलं नाही. काका उठले. अंगणात गोठ्यासाठी आणलेलं सागाचं लाकूड पडलं होतं. त्यांनी मला, सुनीताला आणि शेतातून जेवायला आलेल्या तिच्या नवऱ्याला त्याच्याभोवती उभं केलं आणि चौथे स्वतः उभे राहिले.

"तुमी पुढं. पन नाकाला हात लावायचा न्हाई. तिथं काच असते, त्या काचंतूनच त्याला दुश्मनाचं गरम इंजिन दिसतं. बोटाचा डाग पडला की साहेब चामडी सोलायचे. चला. एक, दो, उठाव!"

लाकूड उचललं गेलं. काका वाकून सरकले, जणू वर खरंच पंख होता, आणि मागे पाऊल टाकताना त्यांनी न बघता डोकं खाली घेतलं. ती सवय कुठल्याही पुस्तकात मिळत नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"लेख काढून टाकतो," मी म्हणालो.

"काढून काय व्हतं? लोकांनी वाचला ना. गावात चला, हेडमास्तर हाटेलात असतात. त्यांच्यापुढं बोला."

गोरेगावच्या चहाच्या हॉटेलात दहाबारा माणसं होती. हेडमास्तरही होते. काकांनी माझी ओळख करून दिली आणि सगळे माझ्याकडे वळले. जे बोलायचं होतं ते वाटभर घोकलं होतं: मी चुकलो, चुकलोय हे मला कळलं होतं आणि तरी मी ते लपवलं. तोंडातून निघालं एवढंच, "काकांबद्दल माझा जरा गैरसमज झाला होता."

"होतं असं. नेटवर काहीबाही येतच असतं," हेडमास्तर म्हणाले आणि चहा सांगितला. विषय कापसाच्या भावावर गेला.

जीपपर्यंत काका सोडायला आले. मी चढल्यावर म्हणाले, "गैरसमज म्हनलात तुमी. गैरसमजात दोघांचंबी थोडं थोडं चुकतं. माझं काय चुकलं व्हतं?"

जीप निघाली.

घरी येऊन चार दिवस झाले. हिंगोलीच्या प्रवासातलं काय राहिलं म्हणाल, तर तो प्रश्न. म्हणून हॉटेलात जे बोललो नाही ते इथे लिहितो. मोतीराम आडे यांनी मिग-२१वर स्वतःच्या हातांनी क्षेपणास्त्रं चढवली. त्यांचं काहीही चुकलं नव्हतं. मी त्यांना खोटं ठरवलं, आणि ते खरे आहेत हे कळल्यावरही तीन महिने गप्प बसलो, कारण वाचक वाढत होते. याला गैरसमज म्हणत नाहीत.

तो जुना लेख तुम्ही भराभर पुढे पाठवला होता. आता जिथे जिथे तो पाठवला होता, तिथे तिथे हा पाठवा. गोरेगावच्या गटात तर नक्कीच. मला तिथे राहायचं नाही. काकांना राहायचंय, आणि त्यांना सगळे ओळखतात.