भिंतीवरचे तिघे आणि रोह्याचा चौथा

देवाला डोळे देणारा माणूस स्वतः किती आंधळा असू शकतो, हे आमच्या धाकट्या भावजींना पाहिल्याशिवाय पटायचं नाही. पेणला रामवाडीत आमचा गणपतीचा कारखाना आहे. तो मी चालवते, भावजी मूर्तींचे डोळे आखतात आणि उरलेला वेळ साठच्या दशकातल्या एका विलायती रॉक बँडचे मूळ फोटो जमवण्यात घालवतात. गाण्यातलं एक अक्षर त्यांना कळत नाही. "गाणं कुणीपण ऐकतो वहिनी, नजर बघा!" ती नजर बघून बघून एका वर्षी त्यांनी मूर्तींचे डोळे असे अर्धवट मिटलेले आखले, की कासू गावचं गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, बाप्पाला ताप हाय काय?"

बँडमधल्या चौघांपैकी तिघे काळ्या चौकटीत आमच्या ओटीवर टांगलेले होते. पाहुणा आला की आधी हात जोडायचा. एकीने तर हळूच विचारलं, "तिघं एकदमच गेले काय गो? गाडी उलटली?" सर्वपित्रीला सासूबाई तिघांनाही हार घालत. परक्या घरी येऊन पडलेत, त्यांचं कोण करणार, असं त्यांचं म्हणणं.

कमी होता तो चौथा, ड्रम बडवणारा. त्याच्यासाठी भावजी सहा वर्षं झुरले. तेवढे एखाद्या मुलीसाठी झुरले असते तर मला हाताखाली जाऊ मिळाली असती.

यंदा भावजी रोह्याला मूर्ती पोचवायला गेले, तर गिऱ्हाइकाच्या शेजारच्या ज्यू मावशींच्या भिंतीवर चौथा! मावशींच्या भावाने बोटीवर नोकरीला असताना आणलेला. पुढे सगळी माणसं इस्राएलला गेली. मावशी आणि ड्रमवाला तेवढे मागे राहिले.

दुसऱ्या दिवशी भावजी तिघांना पिशवीत घालून, चौथा द्या म्हणून मावशींना पटवायला निघाले. मी चौथा खिळा ठोकून ठेवला. संध्याकाळी आले ते रिकामी पिशवी घेऊन.

"नाय म्हणाल्या?" मी विचारलं.

"'ने रे बाबा, माझ्यामागं त्याला कोण बघणार' म्हणाल्या. काढायला स्टुलावर चढल्या. फोटो सरकला तर मागं भिंतीचा तेवढाच चौकोन कोरा, वहिनी. मी त्यांना खाली उतरवलं, आणि आपले तिघं त्याच्या शेजारी लावून आलो."

"सहा वर्षं जिवापाड जपलेले?"

"गौरीच्या मुखवट्यांची जोडी फोडायची नाही, हा नियम तुमचाच ना?"

परवा सर्वपित्रीला सासूबाई तीन हार घेऊन रिकाम्या खिळ्यांसमोर उभ्या राहिल्या. "गेले कुठं हे?"

"रोह्याला," मी म्हटलं. "त्यांच्या बहिणीकडे."