सोबत आलेली मावशी

आमच्या नाशिकच्या दवाखान्यात एक सिस्टर आहेत, त्या बोलताना समोर बघत नाहीत. हातातल्या गोळ्यांच्या पाकिटाशी बोलतात. डबाही स्टोअररूममध्ये एकट्याच खातात. मी केसपेपरच्या खिडकीतला क्लार्क. आवाज भोंग्यासारखा, आणि मला त्याचा अभिमान.

एकदा पेठ तालुक्यातली एक मुलगी एकटीच आली. पोटावर हात ठेवून हळूच म्हणाली, "हे नको हाय मला."

मी विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

ती खिडकीच्या कडेवर नख घासत राहिली. ऐकू आलं नसेल, असं समजून मी तेच आणखी मोठ्यानं विचारलं. सगळी रांग वळून बघायला लागली. मुलगी दाराकडे निघाली.

सिस्टरनी तिला दारातच गाठलं, बाकावर बसवून तिचं ऐकून घेतलं, मग खिडकीशी आल्या.

"जबरदस्ती झालीय तिच्यावर. नवऱ्याचा रकाना मोकळा ठेवा. एकोणीस वर्षांची आहे, तिची एकटीची सही पुरते. सोबत कोण, तिथं मावशी म्हणून माझं नाव लिहा."

चूक झाकायला मी थट्टा केली, "मागच्या महिन्यातही एकीच्या तुम्हीच मावशी होतात. बहिणी तरी किती हो तुम्हाला?"

"एकही नाही," त्या केसपेपरला म्हणाल्या आणि तिला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

संध्याकाळी ड्युटी संपली तरी त्या तिच्या खाटेपाशीच होत्या. मुलगी त्यांच्या डब्यातलं खात होती आणि सिस्टर चक्क तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

मी माफी मागायला वॉर्डाच्या दारात उभा होतो. आवाज काही फुटला नाही.