गाळलेलं नाव

जपाची माळ हातात आहे आणि मणी पुढे सरकत नाही, म्हणजे मला डुलकी लागते आहे. एकादशीला दिवसा झोपू नये, मी झोपत नाही. पण मांडीवर शर्वरीचा लॅपटॉप ऊबदार आहे आणि दुपारचं ऊन देवघराच्या उंबऱ्याशी आलं आहे.

लेक सकाळी रडवेली झाली होती. तिच्या कागदी लॉगबुकातली जुनी उड्डाणं मी लॅपटॉपवर उतरवून काढते आहे. रोज पूजेनंतर एक पान, असा नेमच धरला. उद्या ते सगळं तिच्या परवान्यासाठी पाठवायचं आहे.

"आई, वैमानिकाच्या रकान्यात सगळीकडे 'स्वतः' काय लिहिलंस? अगं, लॉगबुक माझं आहे! शिकतानाची उड्डाणंसुद्धा मी एकटीने केली असा अर्थ झाला. खोटी ठरेन मी. बाबांनी शिकवलं ना मला? मग बाबांचं नाव लिही तिथे."

मी 'बरं' म्हटलं. हे आपल्या लॉगबुकात त्या रकान्यात 'स्वतः'च लिहीत. मला ते सोयीचं वाटलं, एवढंच. लग्नातल्या उखाण्यानंतर ह्यांचं नाव मी कधी उच्चारलं नाही. विष्णूची हजार नावं रोज म्हणते. त्यांत ह्यांचं येतं, तिथे ओठ मिटते आणि पुढे जाते. हे जाऊन वर्ष होत आलं, तरीही.

मणी बोटांतून सुटतो.

उंबरा ओलांडते तर पायाखाली फ्लाइंग क्लबची धावपट्टी. दोन्ही कडांना समया तेवताहेत. लहानशा विमानात शर्वरी एकटीच बसली आहे. शेजारची सीट रिकामी, पट्टा नुसता लोंबतो आहे. हे बाहेर उभे, पांढऱ्या सदऱ्यात, हातात हेडफोन.

"अहो, पोरीला एकटीला कसं सोडलंत?"

"मी कुठे सोडलं? उड्डाणं उतरवता उतरवता तू मलाच उतरवलंस."

"मी?"

"पानापानावर. पहिल्या दिवशी 'बाबा, धरा, धरा' म्हणून ओरडत होती. मी धरलं होतं. आता तिथे कोण आहे?"

पंखा फिरू लागतो. आवाज मात्र आरतीतल्या घंटेचा.

"नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं," मी हळूच म्हणते. "आई सांगायची."

हे हसतात. मी आमटीत मीठ विसरले की हसायचे, तसंच. "अगं, आता आणखी किती कमी करशील?"

मला हसू येत नाही. "हा नेम नवरा असलेल्या बाईचा. तो पाळते आहे तोवर तुम्ही आहात असं वाटतं. मोडला की..."

आम्ही स्वयंपाकघरात आहोत. ओट्यावर साबुदाणा भिजला आहे आणि खिडकीतून खाली, खूप खाली, ढग दिसताहेत.

"हजारातलं एक रोज गाळतेस," हे म्हणतात. "देव रागावला कधी?"

"नाही."

"मीही नाही रागावलो. पण मला तिच्या शेजारी बसव बघू."

हेडफोन माझ्या कानांवर चढवतात. आत शर्वरीचा बारीक आवाज, पहिल्या दिवशीचा असावा तसा. "बाबा, धरलंय ना?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडते, आणि जाग येते.

माळ जमिनीवर पडली आहे. ऊन देवांच्या पायांशी पोचलं आहे. पडद्यावर पहिल्या उड्डाणाच्या ओळीत 'स्वतः' पुसलेलं आहे आणि त्या जागी एकच अक्षर उमटलं आहे: 'प'. झोपेत माझ्याच हातून झालं असेल. बोट अजून त्याच कळीवर आहे.

शर्वरी दारात येते. "आई, होतंय का गं? की मी करू?"

"नको. तू नुसती शेजारी बस."

ती बसते. मी एकेक अक्षर मोठ्याने म्हणत लिहिते. पद्मनाभ.