मिठूनंतर बाबांचे केस कोण कापणार?

मिठू गेल्यापासून सात महिने त्या घरात कुणाच्या डोक्याला कात्री लागली नव्हती. बाबांचे पांढरे केस कानांवरून उतरून कॉलरवर आले होते. आईची कपाळावरची झुलपं डोळ्यांत जायची, म्हणून ती वर चिमटा लावून वावरायची. आणि थोरली ताई, बँकेत कॅशिअर, जिच्या टापटिपीचा साऱ्या शाखेला धाक, ती वेड्यावाकड्या वाढलेल्या केसांचा कसाबसा अंबाडा घालून कामाला जायची. दुसऱ्या कुणाकडून केस कापून घेतले तर आईला काय वाटेल, म्हणून बाबा गप्प. बाबांना काय वाटेल, म्हणून आई गप्प. आणि दोघांना काय वाटेल, म्हणून ताई. शहाणी माणसं सगळी!

मिठू हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. दीड वर्षाचा असताना बोलायला लागला तो थांबलाच नाही, म्हणून मिठू. ताईपेक्षा नऊ वर्षांनी धाकटा. त्याचे लाड तर विचारूच नका. ताईच्या हातून बरणी फुटली तर दोन धपाटे, याच्या हातून फुटली तर "लागलं नाही ना रे राजा?" ताईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मग थोड्या वेळानं तीच आपल्या वाटणीचं बिस्किट त्याच्या हातात ठेवायची. जीव की प्राण होता तो सगळ्यांचा, त्याला कोण काय करणार!

बाबा शाळेत गणित शिकवायचे. मुलगा इंजिनिअर होणार हे त्यांनी मुलाला न विचारताच ठरवून टाकलं होतं. मुलगा गणितात दोनदा आपटला, आणि तिसऱ्यांदा परीक्षेला न बसता सरळ एका सलूनमध्ये कामाला लागला. बाबांनी दोन महिने अबोला धरला. मग एका सोमवारी, सलूनच्या सुट्टीच्या दिवशी, मिठूनं जुन्या चादरीला मधोमध भोक पाडलं आणि मागच्या गॅलरीत पेपर वाचत बसलेल्या बाबांच्या गळ्यात ती मागून घातली.

"मला तुझ्याशी बोलायचं नाहीये," बाबा म्हणाले.

"बोलू नका ना. मान तेवढी खाली करा."

त्या दिवशी त्यानं बाबांचा डावा कल्ला उजव्यापेक्षा बोटभर वर चढवला. दुसऱ्या दिवशी वर्गातली पोरं फिदीफिदी हसली. बाबा तणतणत घरी आले, मिठूवर तासभर तोंडसुख घेतलं, आणि भांडायच्या निमित्तानं का होईना, बोलायला लागले.

पुढं अकरा वर्षं महिन्याचा पहिला सोमवार गॅलरीतला. हात बसला, नाव झालं, पण "कसे कापू?" हे मिठूनं घरात कुणाला म्हणून कधी विचारलं नाही. "तुम्हाला काय कळतंय त्यातलं!" एवढं म्हणायचा आणि सुरू व्हायचा. कात्री आणि तोंड दोन्ही एकदम चालायचं. पंचावन्नाव्या वर्षी त्यानं आईच्या कपाळावर झुलपं काढली. "या वयात हे शोभतं का मला!" असं म्हणत आई आठवडाभर आरशासमोरून हलेना.

एकोणतिसाव्या वर्षी त्याचा ताप डोक्यात गेला आणि नऊ दिवसांत सगळं संपलं.

आई रडली, रडून बोलती झाली. आता त्याच्या गमती सांगताना ती हसायचीसुद्धा. बाबा मात्र चकार शब्द काढत नव्हते. विषय निघाला की चष्मा पुसत गॅलरीत जायचे. ताईचा जीव टांगणीला लागला होता तो यानंच. एवढं पोटात साठवून ठेवलंय, ते बाहेर पडलं नाही तर हाही माणूस आपल्या हातचा जाईल, असं तिला वाटायचं.

वर्षातून एकदा पेन्शनच्या ऑफिसात जाऊन आपण हयात आहोत हे दाखवावं लागे. या वेळी ताई सोबत गेली होती. खिडकीतल्या कारकुनानं कार्डावरचा फोटो पाहिला, बाबांकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला.

"काका, हे तुम्हीच कशावरून?"

ताईनं त्याच्याशी वाद घातला नाही. बाबांचा दंड धरला आणि रस्त्यापलीकडच्या सलूनमध्ये नेऊन त्यांना खुर्चीत बसवलं.

"आज नको गं," बाबा म्हणाले.

"आजच."

सलूनवाला ताईच्याच वयाचा, मोजकं बोलणारा. त्यानं कापड गुंडाळलं, पाण्याचा फवारा मारला आणि विचारलं, "कसे कापू?"

बाबांनी कानावरचे केस बोटांनी चाचपले. बाकावर बसलेल्या ताईला आरशात त्यांचा चेहरा दिसत होता.

"मला नाही माहीत," ते शेवटी म्हणाले. "अकरा वर्षं मला कुणी विचारलंच नाही. माझा मुलगा कापायचा. आता तो नाही."

सलूनवाल्यानं मान हलवली आणि कंगवा घातला. "कुठं होता कामाला?"

बाबांनी सांगितलं. मग म्हणाले, "मी रोज जायचो तिथं. आत नाही हो, समोरच्या फुटपाथवर. शाळा सुटली की जायचो, काचेतून बघायचो. हा बोलत असायचा, गिऱ्हाईक हसत असायचं. दहा मिनिटं बघायचं आणि घरी यायचं. त्याला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं."

ताई थक्क झाली. ते सलून शाळेच्या पार उलट्या टोकाला होतं. बाबांना घरी यायला उशीर का होतो म्हणून आई इतकी वर्षं मुख्याध्यापकांच्या नावानं बोटं मोडत होती!

आणि बाबा सुटले. मिठू रांगायला लागला तिथपासून. सलूनवाला कापत होता, हुंकार भरत होता.

"झालं काका," तो म्हणाला.

"मागून जरा कमी करा. तर काय सांगत होतो..."

थोड्या वेळानं पुन्हा, "झालं."

"अजून थोडे बारीक करा. तर त्या नवरदेवाला घाई, आणि याचं तोंड चालू. अर्धी मिशी उडाली..."

बाबा आता फौजेत भरती व्हायला निघालेल्या जवानासारखे दिसत होते. सलूनवाल्यानं कात्री खाली ठेवली.

"काका, आता कापायचं म्हटलं तर कानच उरलेत." त्यानं स्टूल ओढलं आणि बाबांच्या शेजारी बसला. "पण सांगा की. नवरदेवाचं पुढं काय झालं?"

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आत डोकावलं. "किती वेळ लागेल हो?"

ताईनं डोळे पुसले आणि बाकावर सरकून त्याला जागा केली.

"बसा," ती म्हणाली. "आत्ता कुठं सुरुवात झालीय."