काडीवरची खूण

सगळे त्याला चिमटा म्हणत. लोकांच्या खिशाला पेन असतं, याच्या खिशाला चिमटा असे. रेडिओ, माइक, कानाची यंत्रं असलं सगळं तो दुरुस्त करी, आणि तेही अशा एका सोल्डरिंग स्टेशनवर, जे बनवणं कंपनीने कधीच सोडून दिलं होतं. एक पेटी, तिच्यावर तापमानाचा आकडा, वायरीच्या टोकाला मूठ आणि मुठीच्या पुढे टिप. टिप पेनाच्या टोपणासारखी पोकळ. आतल्या तापत्या कांडीवर ती घालायची आणि नट आवळायचा. पेटी अजून ठणठणीत होती, टिपा मात्र संपत आल्या होत्या. "नवीन घेऊन टाका की," असं कोणी सुचवलं, की चिमटा त्या माणसाशी आठवडाभर तुटक बोले.

पलीकडच्या टेबलावर त्याची सून बसे. नवरा बोटीवर नोकरीला, घरात जीव रमेना, म्हणून "मला शिकवा ना बाबा" म्हणत ती दुकानात आली आणि रुळली. पहिल्याच दिवशी त्याने तिला धडा दिला होता. "बाहेरून सगळ्या टिपा सारख्याच. बघायची ती आतून. आगकाडी आत घाल, तोंडाशी नखाने खूण कर, मग तीच काडी दुसरीत घालून बघ. पोकळी जास्त खोल असली, की कांडी टोकापर्यंत पोचत नाही. आकडा म्हणणार गरम, टिप राहणार कोमट. मग तारा जोडणारा टाका कच्चा." तिने मान डोलावली. हिच्या डोक्यात कितपत शिरलं कोण जाणे, असं त्याला वाटलं.

शेवटची टिप झिजली तेव्हा ती काडेपेटीत घालून तो बाजारभर हिंडला. एक जाड निघाली, एक लांब, एक बसली पण नट लागेना. शेवटी एका दुकानदाराने पाकीट पुढे केलं. "उस्ताद, ही घ्या. तुमच्यासारख्यांना आम्ही काय सांगायचं!" टिप अगदी जुनीसारखीच दिसत होती. काडेपेटीत काड्याही होत्या. पण नखाची खूण बघायला चष्मा लागला असता, आणि चिमट्याला चष्मा लागलाय हे चिमट्याखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतं. उस्ताद म्हणणाऱ्या माणसासमोर तो नाकावर चढवायचा? छे! पाकीट खिशात घालून तो ऐटीत परतला. दुकानात मुठीवर टिप चपखल बसली, आणि बिनचष्म्याचे टाके द्यायला त्याने सुरुवात केली.

एके सकाळी शाळेतून निवृत्त झालेल्या बाई आल्या. त्यांच्या कानातलं यंत्र याच दुकानातून दुरुस्त होऊन गेलं होतं, आणि आता मध्येच ऐकू येई, मध्येच बंद पडे. दुकानात आणखी गिऱ्हाइकं होती. यंत्र उघडून बघायच्या आधीच चिमट्याने सुनेकडे हात केला.

"हे हिचं काम! कितीदा सांगितलं, टाका कच्चा ठेवू नकोस म्हणून. हातातच नाही तर करणार काय? उद्यापासून तू काउंटरवर बस आणि पावत्या फाड."

यंत्राने नेमकं तेवढं बाईंना स्वच्छ ऐकवलं. त्यांनी सुनेकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं, यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि दुपारी येते म्हणाल्या. सून कानापर्यंत लाल झाली. तिने उद्याची वाट पाहिली नाही. टेबलावरचा दिवा बंद केला आणि काउंटरवर जाऊन बसली.

एरवी दुपारी चिमटा जेवायला घरी जाई आणि डुलकी काढून येई. आज त्याने तिला आधी पाठवलं. दुकानात कोणी नाही असं बघून खिशातला चष्मा नाकावर चढवला आणि यंत्र उघडलं.

तार डावीकडे वळवलेली होती. सून नेहमी उजवीकडे वळवी. डावीकडे वळवायची सवय त्याची. मग आठवलं, हे काम आलं तेव्हा ती माहेरी गेली होती. टाका राखाडी, रवाळ. त्याने मुठीवरच्या टिपेकडे पाहिलं.

काडेपेटीत जुन्या टिपेखेरीज काही उरलं नव्हतं, म्हणून आगकाडीसाठी त्याने तिचा खण उघडला. आत एक कागदाची पुडी होती. पुडीत दोन नव्या टिपा, आणि नखाची खूण केलेली एक काडी. त्याने आपली जुनी टिप काढून त्यात ती काडी घातली. खूण बरोबर तोंडाशी आली. पुडीतल्या टिपांतही तशीच. बाजारातल्या टिपेत घातली, तर आत बुडून दिसेनाशी झाली.

मग तो फळीकडे वळला. तयार झालेली कामं त्याने एकेक करून उघडली. तारा डावीकडे वळवलेल्या, आणि टाके लख्ख. वळण त्याचं होतं, चकाकी त्याची नव्हती. तो घरी घोरत पडे, तेव्हा ती आपली टिप चढवून त्याचे टाके पक्के करी आणि जाताना त्याची टिप जिथल्या तिथे बसवून ठेवी. चिमट्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तारच खराब होती म्हणावं, दोन दिवसांनी मोठ्या मनाने तिला टेबलावर परत बसवावं, असाही एक विचार येऊन गेला. तो आला याचीच मग त्याला जास्त लाज वाटली.

सून परतली, पाठोपाठ बाई आल्या. काउंटरवर दोघं-तिघं उभे होते. चिमटा उठला.

"बाई, तो टाका माझा होता."

"काय?" यंत्र टेबलावर उघडं पडलेलं, बाईंचे कान रिकामे.

"माझा होता टाका! हिचा नव्हे!"

"ऐकू येत नाही हो. मोठ्यांदा बोला." वर्गातल्या शेवटच्या बाकाला सांगावं तसं त्या म्हणाल्या.

समोरचा घड्याळवाला डोळ्याला भिंग तसंच ठेवून दारात आला. चिमट्याने बेंबीच्या देठापासून आवाज काढला. "चूक माझी! हिने माझी कामं गुपचूप सुधारली, आणि मी हिलाच चारचौघांत बोललो!"

गल्लीभर ऐकू गेलं. बाईंनी फक्त मान हलवली आणि बाकावर बसल्या. तो पुन्हा श्वास भरायला लागला, तेवढ्यात सून काउंटरमागून बाहेर आली.

"बाबा, पुरे. मला ऐकू आलं."

त्याने आपली खुर्ची रिकामी केली. ती बसली, पुडीतली टिप चढवली, नट आवळला. टाका लागला तो पहिल्याच स्पर्शात. तिने यंत्र मिटून बाईंच्या हातात दिलं, त्यांनी ते कानात घातलं आणि चेहरा खुलला.

"आता कसं छान! हो, पण मघाशी हे काय ओरडत होते?"

"काही नाही बाई," सून पटकन म्हणाली. "असंच."

पुन्हा त्याचा कच्चा टाका झाकायला निघाली होती पोर. चिमट्याने सगळ्यांदेखत खिशातून चष्मा काढला आणि डोळ्यांवर चढवला.

"काही नाही कसं?" तो म्हणाला, आणि बाईंसमोर बसून पहिल्यापासून सांगायला लागला, हळू आवाजात.