कोकिळाबाईंनी पाहिलेलं पाणी

पिंपळदऱ्यात सुई ओवायची असली की बाया कोकिळाबाईंकडे यायच्या. म्हाताऱ्या तर यायच्याच, पण शिवणाचा क्लास केलेल्या पोरीही गुपचूप दोरा घेऊन यायच्या. वणीकडून येणारी एसटी फाट्यावर वळायच्या आधीच ओट्यावरून 'आली वो गाडी' असं सांगणाऱ्या त्याच. कापूस वेचायला उतरल्या तर त्यांच्या गाठोड्यात कवडी, म्हणजे डागाळलेला पिवळा कापूस, औषधालाही सापडायची नाही. एकदा कपाशीच्या पऱ्हाटीत मजूर बाईच्या पायाशी पडलेला साप त्यांनी पार धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, पाहिला होता. ती बाई अजून त्यांच्या नावानं दिवा लावते, असं गावात गमतीनं म्हणायचे. कोकिळाबाईंना दागिन्यांची हौस नव्हती, बोलण्याची तर नव्हतीच. मिरवण्यासारखं काही असेल तर ते हे दोन डोळे.

त्यांचे यजमान रामराव हे वेगळंच प्रकरण होतं. शेत चांगलं, विहिरीला पाणी, घरात कशाची ददात नाही. पण हा माणूस कधीच चुकला नव्हता. म्हणजे चुकायचे रोज, कबूल कधी केलं नाही. पांढरकवड्याच्या गाडीत चुकून बसले तर उतरून यायचे नाहीत. पांढरकवड्याला जायचे, तिथे कोणाकडे तरी चहा पिऊन यायचे आणि काम होतं म्हणून सांगायचे. घरचा दरवाजा त्यांनी चुकीच्या बाजूला काढायला लावला, तेव्हापासून पावसाळ्यात पाणी थेट चुलीपर्यंत येतं, आणि दर वर्षी त्या पाण्याला शिव्या बसतात. कोकिळाबाई सगळं पाहायच्या आणि पोछा मारायच्या. संसार असाच चालला होता, आणि बाहेरून पाहणाऱ्याला तो चांगला चाललेला दिसायचा.

मग कोकिळाबाई दाराच्या चौकटीला धडकायला लागल्या. समोरची सुई दिसायची, पण बाजूला ठेवलेला चहाचा कप कलंडायचा. मुलगा रजत पुण्याहून आला तेव्हा तो त्यांना यवतमाळला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. काचबिंदू निघाला. डॉक्टर बोलायला सरळ होते. "गेलेली नजर परत येत नाही, आई. आहे ती थेंबांनी राखायची. रोज रात्री, न चुकता. ही नजर कडेकडेनं जाते आणि अंधारात आधी जाणवते. पण थेंब टाकले तर तुम्ही नातवंडांच्या लग्नात अक्षता टाकाल."

कोकिळाबाईंनी ते शब्द गाठीला बांधले. रोज रात्री जेवणं उरकली की त्या खाटेवर उताण्या पडायच्या आणि दोन्ही डोळ्यांत थेंब सोडायच्या. बाटली स्टीलच्या डबीत, डबी देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर. तरी भीती होतीच. रात्री अंगणात गेल्या की त्या उगाच चांदण्या शोधायच्या. कालच्या एवढ्याच आज दिसतात ना, हे पाहायच्या.

त्याच दिवसांत सून उज्ज्वलानं मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. कोकणातल्या समुद्रात रात्री नावेतून नेतात. काळंकुट्ट पाणी, त्यात कोणी हात फिरवला की बोटांभोवती निळा उजेड पेटतो, हात काढला की विझतो. कोकिळाबाईंनी तो व्हिडिओ चुलीपुढे पाहिला, झोपताना पाहिला, दुसऱ्या दिवशी हंसाबाईला शेजारून बोलावून दाखवला. मग पुण्याला फोन लावून म्हणाल्या, "मले हे पाहाचं हाये." उज्ज्वलानं लगेच रजतला हाक मारली. या बाईनं आजवर कोणाकडे काही मागितलेलं तिला आठवत नव्हतं.

त्या रात्री थेंब टाकून, मिटल्या डोळ्यांनीच त्या रामरावांना म्हणाल्या, "ते पाणी मले दिसलं ना, तं मी समजीन का डोये हायेत अजून. नाही दिसलं तं समजीन, गेले."

"दिसते, दिसते," म्हणून रामरावांनी कूस बदलली.

रजतनं नाववाल्याचा नंबर मिळवला, रजा काढली आणि दिवस कळवायला वडिलांना फोन केला. कोकिळाबाई अंगणात तूर पाखडत होत्या. त्यांना फक्त इकडचं बोलणं ऐकू आलं. "अवसेले? काही डोकं हाये का तुह्यं? अवसेले माणूस घराबाहेर पाय काढत नाही, आन् तू पाण्यावर नेतं? ...नाववाला काहीही सांगन, त्याले का जाते? दत्तजयंतीची पौर्णिमा घे. चांगला दिवस हाये. ...मी सांगतलं ना? मंग झालं." फोन ठेवून ते अंगणात आले आणि कसा चांगला दिवस शोधला म्हणून बायकोकडे पाहून हसले. तीही हसली. चांगला दिवस होताच तो.

वणीहून ट्रॅव्हल्सनं पुणं, तिथून रजतच्या गाडीनं घाट उतरून कोकण. कोकिळाबाईंना घाटात उलट्या झाल्या, पण डबी त्यांनी मांडीवरून हलू दिली नाही. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो उन्हात. किती तरी वेळ त्या वाळूत नुसत्या उभ्या राहिल्या. रामरावांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, थुंकलं आणि म्हणाले, "एवढं पाणी, आन् पऱ्हाटीच्या कामाचं नाही." कोकिळाबाई खूप दिवसांनी पोटभर हसल्या.

रात्री जेटीवर उज्ज्वला त्यांना लाइफ जॅकेटचे पट्टे बांधून देत होती. पलीकडे नाववाला रजतला आभाळाकडे हात करून काहीतरी सांगत होता. रामराव मध्ये पडले, "चला हो, गोष्टी मंग करजा." चंद्र चांगला वर आला होता. वाळू, माड, दोऱ्या, सगळं दिवसासारखं दिसत होतं. रजत नावेत चढला. तो बापाचाच मुलगा, बापापुढे न बोलायची सवय त्याला लहानपणापासून.

नाव खाडीच्या तोंडाशी गेली. नाववाल्यानं इंजिन बंद केलं, बॅटरी विझवली आणि रोजचं पाठ असलेलं सांगायला घेतलं. "पाण्यात बारीक बारीक जीव असतत. पाणी हलला की ते चमकतत." मग त्यानं बांबूनं पाणी ढवळलं. सगळे वाकले. कोकिळाबाई सगळ्यांत पुढे.

पाण्यावर चांदणं फुटलं आणि पुन्हा जुळलं. बाकी काही नाही. त्यानं परत ढवळलं. निळं नाही, उजेड नाही, पाण्यासारखं पाणी.  एवढ्या दूर आलेल्या माणसांचं ते गप्प बसणं फार अवघड होतं, आणि ते रामरावांना सोसलं नाही.

"आहाहा!" ते ओरडले. "पाह्य कोकिळे! कसं निळं निळं!"

"कुठं?"

"अवो, तुह्या हाताखालीच! काडी पेटल्यावानी!"

कोकिळाबाईंनी कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. जोरजोरात फिरवला. गार पाणी बाहीत चढलं. "मले नाही दिसून राह्यलं," त्या म्हणाल्या. मग वळून, "रजत, तुले दिसते का रे?"

रजतनं बापाकडे पाहिलं. "हो आई," तो म्हणाला. "दिसतंय ना."

उज्ज्वला किनाऱ्याकडे तोंड करून बसली होती. नाववाला एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत राहिला आणि पुन्हा बांबू फिरवायला लागला. गिऱ्हाइकाच्या घरच्या गोष्टीत त्यानं का पडावं?

कोकिळाबाईंनी हात पाण्यात तसाच ठेवला. एवढी माणसं, एवढ्या जवळ, आणि आपल्या एकटीलाच दिसत नाही. डॉक्टर म्हणालेच होते, अंधारात आधी जाणवते. त्यांना रडू आलं नाही, भीती वाटली, निव्वळ भीती. पण आपल्यापायी सगळे रात्रीचे इथवर आले, आता त्यांची मजा कशाला घालवायची, असंही त्यांना वाटलं. त्यांनी हात बाहेर काढला, पदराला पुसला आणि म्हणाल्या, "हाव. दिसलं आता."

"मी म्हटलं नव्हतं?" रामराव म्हणाले.

त्या रात्री खोलीवर डबी उघडली गेली नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. आटलेल्या विहिरीवर मोटर कोण बसवतं, असं त्यांच्या मनानं घेतलं. घरी आल्यावर डबी देव्हाऱ्याखाली ठेवली ती तिथेच राहिली. रजत फोनवर विचारायचा, "थेंब टाकतेस ना?" त्या म्हणायच्या, "टाकतो ना बाबू." रामरावांनी कधी विचारलंच नाही. आपलं शिवणयंत्र त्यांनी हंसाबाईला देऊन टाकलं. सुई घेऊन आलेल्या पोरींना त्या म्हणायला लागल्या, "नाही माय, आता मले नाही दिसत." आणि हळूहळू ते खरंच व्हायला लागलं. आधी ओट्याची कड गेली, मग परसातली पायरी, मग उजवीकडून येणारं माणूस. त्यांना त्याचं नवल वाटलं नाही. हे होणारच होतं, ते त्यांना नावेतच कळलं होतं.

इकडे रामरावांनी पिंपळदऱ्यात चमकत्या पाण्याचा धडाका लावला होता. सलूनमध्ये, पानठेल्यावर, लग्नाच्या पंगतीत. दर वेळी पाणी थोडं अधिक निळं व्हायचं. कोणी कोकिळाबाईंना विचारलं तर त्याही म्हणायच्या, "हाव, लय चमकते." बाईनं मरेपर्यंत माणसाची लाज राखावी हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, पण त्या शिकल्या होत्या.

पुढची दिवाळी झाली. रामरावांचे मित्र पुंडलिकराव एके दुपारी ओट्यावर येऊन बसले. त्यांनाही घरच्यांना घेऊन कोकणात जायचं होतं. कोकिळाबाई आत, दाराच्या मागे, शेंगा सोलत होत्या. हाताला कळेल तेवढं काम त्या अजून करायच्या.

"एक ध्यानात ठेव," रामराव पुंडलिकरावांना म्हणाले. "अवस पाहूनच जाजो. पौर्णिमेले गेला तं घंटा काही दिसत नाही. नाववाल्यानं रजतले आधीच सांगतलं होतं, अंधार लागते म्हणून. मीच म्हटलं, अवसेले कायले निंघाचं? गेलो, तं लख्ख चांदणं! थेंबभर चमक नाही."

"मंग तुम्ही तं गावभर सांगून राह्यले—"

"तं का सांगू? एवढ्या दूर जाऊन पाणी पाहून आलो म्हणू?" रामराव खदखदून हसले. "हिलेबी म्हटलं, दिसते. तं तीबी म्हणे, दिसते!"

दोघंही हसले. पुंडलिकराव तर मांडीवर थाप मारून हसले.

कोकिळाबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली. त्या उठल्या, भिंतीला धरून आतल्या खोलीत गेल्या आणि मोबाइलवर बोटानं चाचपत उज्ज्वलाचा नंबर लावला. "उज्ज्वला, खरं सांगजो. त्या रात्री तुले दिसलं होतं का?"

 उज्ज्वला रडायलाच लागली. "नाही आई. कोणालाच नव्हतं दिसलं."

"बरं," कोकिळाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्यांना फार राग आला होता. नवऱ्यावर आला, मुलावर आला, स्वतःवरही आला. पण त्यांनी आरडाओरडा केला नाही. बाहेर येऊन, पुंडलिकराव बसलेले असतानाच, त्या म्हणाल्या, "मले यवतमाळले दवाखान्यात न्या. उद्याच." त्यांचा आवाज ऐकून रामरावांनी का म्हणून विचारलं नाही.

डॉक्टरांनी जुना कागद काढला, नवी तपासणी केली, दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं. मग चष्मा काढून विचारलं, "मध्ये थेंब बंद केले होते का?"

कोकिळाबाईंनी मान हलवली.

"काहून बंद केले?" रामराव खुर्चीतून ओरडले. "साहेब, मी रोज सांगतो हिले. ऐकतच नाही. लय बेपर्वा बाई हाये."

"उजव्या डोळ्यात आता फारसं उरलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "डाव्यात थोडं आहे, तेवढं सांभाळू. थेंब चालू राहिले असते तर ही वेळ आली नसती. आई, का बंद केले?"

"यायनं मले नावेत सांगतलं, पाणी चमकून राह्यलं म्हणून," कोकिळाबाई म्हणाल्या. "मले काही दिसेना. मी म्हटलं, डोये गेले. गेलेल्या डोयात औषध कायले टाकाचं?"

डॉक्टरांना काही उलगडलं नाही. त्यांनी रामरावांकडे पाहिलं.

"तसं नाही साहेब," रामराव म्हणाले. "तिथं चांदणं जास्त होतं. कोणालेच काही दिसलं नाही." बायकोसमोर ही गोष्ट त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघाली, आणि तीही डॉक्टरांना सांगताना. मग जणू काही सुटकेची वाट सापडल्यासारखे ते तिच्याकडे वळले. "पण तुले दिसत नव्हतं तं सांगाचं ना तवाच! तूच तं म्हटलं, दिसलं."

कोकिळाबाई आवाजाच्या दिशेनं वळल्या. नवऱ्याचा चेहरा त्यांना अर्धाच दिसत होता.

"जन्मभर तुम्हाले चुकताना पाह्यलं मी," त्या म्हणाल्या. "डोये धड होते माहे, सगळं दिसे. त्या एकाच रात्री मले वाटलं, हे बरोबर असतीन, मीच चुकली असन."

डॉक्टरांनी मान खाली घालून चिठ्ठी लिहायला घेतली. थेंब तेच होते, आता दिवसातून दोनदा टाकायचे होते. दवाखान्याचा जिना उतरताना रामरावांनी हात पुढे केला. तो उजवीकडून आला, म्हणून कोकिळाबाईंना दिसला नाही. दिसला असता तरी त्यांनी धरला नसता. कठड्याला धरून, एकेक पायरी पायानं चाचपत त्या खाली उतरल्या आणि ऑटोवाल्याला म्हणाल्या, "बसस्टँडवर ने बाबू."