दोन फायलींतलं एकच ऊन

तमिळ मुलखातल्या त्या गावात राजवाड्यामागच्या मराठी गल्ल्यांत कुजबुज अशी होती, की विनुताने कंपनीच्या प्रोग्रामला कुलूप घातलं आणि सीतारामरावमामांना त्यांच्याच कामातून उठवलं. शेजारच्या कृष्णवेणीबाई तर भाजी निवडता निवडता शपथेवर सांगत. कॉम्प्युटरवरची धूळ पुसण्यापलीकडे त्यांचा त्याच्याशी संबंध नाही; पण शपथेला कुठे डिग्री लागते?

विनुता नि मामा भात वाळवायच्या यंत्राचा प्रोग्राम सी भाषेत लिहीत. भाताची फाइल तिची, भट्टीची मामांची. पापनाशमच्या गिरणीत दोनदा भात करपला होता. तिसऱ्यांदा करपला तर तिची नोकरी जाणार, हे कंपनीच्या मालकांनी त्या दिवशी सकाळी कॉफी पाजून गोडीत सांगितलं होतं.

गिरणीत अकराला भट्टी पेटली. थोड्या वेळाने पडद्यावर भट्टीचा आकडा आला, बेचाळीस अंश. विनुताने भट्टीच्या पत्र्याजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला. भट्टी गार समजून यंत्र जळणाचं तूस आणखी ओतत होतं.

तिने बटण दाबून सगळं थांबवलं. गिरणीवाले सुब्रमण्यम घड्याळ बघून म्हणाले, "अर्धा तास, अम्मा. मग यंत्र घेऊन जा."

"मामा, बेचाळीस भाताचे आहेत. भट्टीत कसे आले?"

"माझ्या फायलीत चूक नाही गे. तीस वर्षं लिहितोय. तुझी बघ."

"भट्टीच्या उष्णतेला नाव काय दिलंत?"

मामा चष्मा पुसत बसले. वीस मिनिटं उरली.

"ऊन," ते शेवटी म्हणाले. "ऑफिसात सगळे तमिळ. गरमला ऊन म्हणणारं दुसरं कोण आहे तिथे?"

विनुतानेही अगदी हाच विचार करून भाताच्या उष्णतेला तेच नाव दिलं होतं. आणि प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा त्यांचा जुना कंपायलर असा भिडस्त, की दोन फायलींत एकच नाव दिसलं तर तक्रार न करता दोघांना एकच जागा देई. तिची फाइल तिथे मामांच्या आकड्यावर बेचाळीस लिही, मामांची तेच वाची.

"मामा, खुर्ची द्या."

"माझ्या फायलीला हात लावणार तू?"

"दोन्ही फायलींना."

सगळी गिरणी बघत होती. मामा उठले आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

भट्टी पुन्हा पेटली तेव्हा तिचा आकडा एकशे चाळीसवर चढला, भाताचा बेचाळीसवरच राहिला. तूस पडायचं थांबलं. दुपारी सुब्रमण्यमनी दाणे दातांखाली फोडून पाहिले आणि पसंतीची मान हलवली.

कुलूप वगैरे काही नव्हतं. विनुताने दोन्ही फायलींत त्या नावाआधी 'स्टॅटिक' हा एक शब्द लिहिला. त्याने एका फायलीतलं नाव दुसरीला दिसत नाही. मामा पुढच्या महिन्यात वय झालं म्हणून निवृत्त झाले.